डॉलरनं अचानक उडी मारली तर: कोल्हापूरच्या छोट्या निर्यातदारासाठी

दुपारचे सव्वातीन. शिरोली एमआयडीसीत भट्टीची दुसरी हीट ओतायला आली होती आणि मालकांचा फोन आला. "डॉलर सव्वा रुपयानं वर गेलाय म्हणं. ते अमेरिकेचं पेमेंट आलंय न्हवं? आत्ताच्या आत्ता रेट घ्या!" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. मोबाइलच्या स्क्रीनवर पन्हाळ्याच्या कड्यासारखी उभी रेघ. मी बँकेच्या डीलरला फोन लावला. तो म्हणाला, "सकाळपासून बारा पैसे वर आहे. तुम्ही कुठला भाव बघताय?"

गेली वीस वर्षं मी कास्टिंग निर्यात करणाऱ्या कारखान्यांची बँकेची कामं बघतोय. या काळात खऱ्या धक्क्यांपेक्षा खोटे धक्के जास्त पाहिले. जे खरे होते त्यात पैसे घालवले ते बहुतेक धक्क्यानं नाही, धक्का बसल्यावरच्या घाईनं किंवा हावेनं. पुढं लिहिलंय ते शिरोली, गोकुळ शिरगाव, पंचतारांकित एमआयडीसीमधल्या कारखानदारांसाठी, इचलकरंजीच्या कापडवाल्यांसाठी आणि हुपरीत चांदीचं काम करणाऱ्यांसाठी. चलनात सट्टा खेळून बंगला बांधायचा असेल, तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

पहिली पायरी: हा भाव नक्की कुणाचा?

डॉलरचा भाव म्हणून आपण जे ऐकतो ते निदान चार वेगवेगळे भाव असतात. पहिला इंटरबँक, म्हणजे बँका आपसात व्यवहार करतात तो, सेकंदासेकंदाला बदलणारा. दुसरा बँकेचा कार्ड रेट. बँक सकाळी तो ठरवते आणि त्यात स्वतःचा गाळा भरपूर धरून ठेवते. तिसरा एफबीआयएल या बाजाराचे अधिकृत दर जाहीर करणाऱ्या कंपनीचा संदर्भ दर. साडेअकरा ते साडेबारा या वेळातल्या प्रत्यक्ष सौद्यांवरून तो काढतात आणि दुपारी दीडच्या सुमाराला जाहीर करतात. २०१८ च्या जुलैपर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. चौथा मोबाइलवर दिसणारा भाव. त्या भावानं तुमचा एक डॉलरही कुणी घेत नाही.

चौथ्याची गंमत सांगतो. १ जानेवारी २०२४ ला जगभर बाजार बंद होते आणि गुगलवर पोलंडचा झ्लॉटी डॉलरपुढं वीस टक्क्यांहून जास्त कोसळलेला दिसत होता. पोलंडच्या अर्थमंत्र्यांना स्वतः सांगावं लागलं की हे खरं नाही, आकड्यांच्या स्रोतात चूक आहे. बाजार उघडल्यावर झ्लॉटी होता तिथंच होता. एका अख्ख्या देशाच्या बाबतीत असं होतं, तर आपल्या मालकांच्या फोनवर होणारच.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन स्वतंत्र ठिकाणी भाव बघा आणि त्यातलं एक ठिकाण असं पाहिजे जिथं खरोखर सौदा होतो. बँकेचा डीलर चालेल किंवा एफएक्स-रिटेल. ही व्यवस्था क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या कंपनीनं २०१९ च्या ऑगस्टात सुरू केली. आपल्या बँकेमार्फत नोंदणी केली की बाजाराचा चालू भाव समोर दिसतो आणि बँकेचं शुल्क वेगळं, आधी ठरलेलं असतं. आपल्याकडं अजून बऱ्याच कारखान्यांनी ती घेतलेली नाही. शाखेत विचारलं तर "असं काही नसतं" हेही उत्तर मिळू शकतं. पुन्हा विचारा.

दुसरी पायरी: मोजपट्टी

'विचित्र' हालचाल कशाला म्हणायचं? उत्तर तुमच्या वहीत पाहिजे. रोजचा सर्वात वरचा भाव आणि सर्वात खालचा भाव लिहायचा, फरक काढायचा. तीस दिवसांची सरासरी ही आपली पट्टी. समजा सरासरी २० पैसे आली. माझा नियम असा: ४० पैशाला मान वर करायची, ८० पैशाला हातातलं काम सोडून पुढच्या पायऱ्या सुरू करायच्या. त्याखाली काहीही झालं तरी चहा गार होऊ द्यायचा नाही.

युरोत बिल करणाऱ्यांनी वेगळी पट्टी ठेवा. युरो-रुपया हा दोन भावांचा गुणाकार असतो, युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. रुपया जागचा न हलता नुसत्या जर्मनीतल्या बातमीनं तुमच्या बिलाची किंमत हलू शकते.

तिसरी पायरी: घड्याळ बघा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला रुपयाचा इंटरबँक बाजार सकाळी ९ ते दुपारी ३.३० चालतो. जग मात्र सोमवार ते शनिवार पहाटेपर्यंत अखंड चालू असतं. सिंगापूर, लंडन, दुबईत रुपयाचे सौदे आपल्याकडं कुलूप लागल्यावरही होतात, फक्त तिथं रुपया हातात न देता फरकाचा हिशेब डॉलरमध्ये मिटवतात. त्यामुळं काल ३.३० ला सोडलेला भाव आज ९ ला तिथंच सापडेल याची खात्री नसते. रात्रीत जे घडलं ते सकाळी एकाच पावलात दिसतं. ही उडी दिसायला भयंकर असते, पण तो रात्रभराचा साठलेला हिशेब असतो.

आता ठरलेल्या वेळा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी १० ला. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा बहुतेक वेळा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्या संध्याकाळी ६ ला, आणि तिकडं हिवाळी वेळ असेल तर ७ ला. महागाईचा आकडाही त्याच घटकेला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा निर्णय रात्री ११.३० ला, हिवाळ्यात १२.३० ला. लंडनला दुपारी ४ ला मोठे फंड एका ठरलेल्या भावानं हिशेब मिटवतात. ती वेळ आपली रात्री ८.३० किंवा ९.३०. याच खिडकीत भाव ढकलल्याबद्दल २०१४ च्या नोव्हेंबरात मोठमोठ्या बँकांना अब्जावधी डॉलरचा दंड झाला होता. तेव्हा त्या पाच-दहा मिनिटांतली उसळी बघून स्वतःच्या धंद्याचा निर्णय घेऊ नका.

आणि एक वेळ अशी की तिला मी भुताची वेळ म्हणतो, पहाटे चार-साडेचार. आपल्याकडं तेव्हा गोठ्यात धारा काढायच्या चालू असतात. न्यूयॉर्कनं शटर ओढलेलं असतं, टोकियो नीट जागं झालेलं नसतं. घेणारा-विकणारा विरळ. ७ ऑक्टोबर २०१६ ला आपल्या पहाटे ४.३७ च्या सुमाराला ब्रिटिश पौंड काही मिनिटांत जवळपास ९ टक्के पडला आणि बराचसा लगेच परत वर आला. ३ जानेवारी २०१९ ला पहाटे ४ वाजता जपानला सुट्टी असताना, अ‍ॅपलनं विक्री कमी होणार असं सांगितल्यानंतर, येन एकदम उसळला. डॉलर १०९ येनच्या जवळून १०५ च्या खाली गेला आणि मग सावरला. दोन्ही वेळा आपल्या धंद्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. झोपलेले होते तेच फायद्यात राहिले.

चौथी पायरी: नक्की कोण हललं?

स्क्रीनवर तीन भाव शेजारी ठेवा: डॉलर-रुपया, युरो-डॉलर, डॉलर-येन. डॉलर सगळ्यांपुढं वधारला असेल तर गोष्ट अमेरिकेतली आहे. बाकी शांत आणि एकटा रुपया हलला असेल तर गोष्ट आपल्या घरातली: कच्चं तेल, निवडणूक, सीमेवरचा ताण, परदेशी गुंतवणूकदारांची विक्री किंवा रिझर्व्ह बँक. घरातल्या कारणावर रिझर्व्ह बँक मधे पडण्याची शक्यता जास्त असते.

हुपरीतल्या आणि कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, गुजरीतल्या, लोकांनी यात एक खाना वाढवायचा. चांदीचा जगाचा भाव डॉलरमध्ये आणि औंसात असतो. एका औंसाचे ३१.१०३५ ग्रॅम, म्हणजे किलोला साधारण ३२.१५ औंस. गुणिले डॉलरचा भाव, अधिक आयात शुल्क, अधिक जीएसटी. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्या-चांदीवरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं आणि त्याच दिवशी चांदी धाडकन उतरली. रुपया जवळजवळ होता तिथंच. त्या दिवशी मला दोघांनी विचारलं, "रुपया एवढा कसा सुधारला?" गणितातला कुठला आकडा बदलला हे न बघता शेवटचं उत्तर बघितलं की असं होतं.

पाचवी पायरी: धक्क्याची जात ओळखा

इथं जरा थांबतो, कारण खरा पैसा इथंच जातो किंवा वाचतो.

एक जात परत फिरणारी. वर सांगितलेले पौंड आणि येन या जातीतले. खुणा अशा की वेळ अवेळची, तेवढं मोठं कारण कुणालाच सांगता येत नाही आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर अचानक फाकतं. एरवी दोन पैशाचा फरक दाखवणारा डीलर वीस पैशाचा फरक सांगायला लागला, तर समजायचं की बाजारात माणसंच नाहीत. अशा वेळी एक तास काही करायचं नाही.

दुसरी जात परत न फिरणारी. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं ६ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं होतं की एका युरोचे १.२० फ्रँकपेक्षा कमी होऊ देणार नाही. तीन वर्षं लोक त्या भिंतीला टेकून बसले. १५ जानेवारी २०१५ ला, आपल्या दुपारी ३ वाजता, त्यांनी एका निवेदनात भिंत काढून घेतली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली. ज्यांनी १.१९ ला तोटा तोडायची ऑर्डर लावून ठेवली होती, त्यांचे सौदे कितीतरी खाली झाले, कारण मधल्या भावांना घेणाराच नव्हता. ग्राहकांचं खातं उणे होऊन एफएक्ससीएम या ब्रोकरच्या गळ्यात सुमारे २२.५ कोटी डॉलर पडले आणि अल्पारीची ब्रिटनमधली कंपनी बुडाली. १.२० चा भाव परत दिसायला २०१८ चा एप्रिल उजाडला. "येईल परत" म्हणून बसलेल्यांचं काय झालं असेल ते बघा.

दोन्हींत फरक कसा करायचा? माझी कसोटी गावठी आहे: कुणी अधिकृत कागद काढलाय का? मध्यवर्ती बँकेचं किंवा सरकारचं निवेदन असेल आणि त्यानं नियमच बदलला असेल, तर जुना भाव विसरा, नव्या भावावर हिशेब मांडा. कागद नसेल, नुसती चर्चा असेल, तर थांबा.

तिसरी जात रिझर्व्ह बँकेच्या हाताची, आणि इथं माझी स्वतःची गोष्ट आहे. २२ मे २०१३ ला फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करू असं सूचित केलं, तेव्हा डॉलर साडेपंचावन्नच्या आसपास होता. तिथून तो चढत गेला आणि २८ ऑगस्टला ६८.८० वर पोचला. आमचं पेमेंट ऑगस्टातच आलेलं, ईईएफसी खात्यात, म्हणजे निर्यातदाराचं परकीय चलन ठेवायच्या खात्यात, डॉलरमध्येच पडून. तेव्हाचे मालक म्हणाले, "सत्तर होऊ दे, मग विकू." मीही मान हलवली. त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेनं सरकारी तेल कंपन्यांना डॉलर थेट देण्याची खिडकी उघडली. तोपर्यंत बाजारातली मोठी गिऱ्हाइकं तीच होती. दुसऱ्या दिवशी डॉलर साडेसहासष्टपर्यंत खाली. तरी आम्ही थांबलो, कारण काल ६८.८० बघितला होता ना! आणि ईईएफसीचा नियम असा की एका महिन्यात आलेले डॉलर पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयात बदलायचे. ३० सप्टेंबरला बदलले तेव्हा भाव बासष्ट-त्रेसष्टच्या मधे होता. डॉलरमागं सहा रुपये गेले, ते बाजारानं नेले नाहीत, आम्हीच सोडले.

सहावी पायरी: आपला आकडा काढा

बाजार किती हलला हे कळलं. आपलं किती हललं? कागदावर मांडू, आकडे हिशेबापुरते. बिल ६०,००० डॉलरचं. कोटेशन देताना डॉलर ८५ रुपये धरला, म्हणजे ५१ लाख. त्यात नफा ६ टक्के, म्हणजे ३ लाख ६ हजार. डॉलर एक रुपयानं उतरला की ६०,००० गेले, नफ्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पाच रुपये दहा पैशांनी उतरला की नफा शून्य, कामगारांचा पगार आणि महावितरणचं बिल आहे तिथंच.

हा '८५' सगळ्यात मोलाचा आकडा. प्रत्येक ऑर्डरच्या फायलीवर लाल पेनानं लिहा. बाजाराचा भाव चांगला की वाईट हे त्याच्याशी ताडून ठरतं, कालच्या उच्चांकाशी नव्हे. बाहेरून मशीन किंवा सुटे भाग मागवत असाल तर तेवढे डॉलर आधी वजा करा, उरलेल्याचीच काळजी करायची.

सातवी पायरी: आधी लिहिलेला कागद

धक्क्याच्या दिवशी निर्णय घ्यायचाच नसतो, आधी घेतलेला अमलात आणायचा असतो. आमच्या ऑफिसात कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. ऑर्डर पक्की झाली की निम्म्या रकमेचं फॉरवर्ड बुक. भाव फायलीवरच्या आकड्यापेक्षा दीड रुपया वर मिळाला की आणखी पाव. उरलेलं पाव पेमेंट आल्यावर बाजारात असेल त्या भावाला. पैसे खात्यात पडल्यापासून दहा दिवसांच्या पुढं डॉलर ठेवायचे नाहीत, मालक म्हणाले तरी. खाली मालकांची सही आहे. ती सही कामाची, कारण सव्वातीनच्या फोनला तीच उत्तर देते.

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज बँकेशी पक्का करणं. निर्यातदाराला त्यात बहुधा आजच्या भावापेक्षा थोडा जास्त भाव मिळतो, त्याला प्रीमियम म्हणतात. पण बुक केलं की डॉलर द्यायची जबाबदारी आपली. माल रखडला आणि पेमेंट आलं नाही तर करार रद्द करावा लागतो आणि तेव्हाचा भाव विरुद्ध असेल तर फरक आपण भरायचा. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी हायवेवर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद, कंटेनर न्हावा शेवाला पोचायचे ते पुलाअलीकडंच. तेव्हापासून मी एका तारखेचं फॉरवर्ड घेत नाही. महिनाभरापर्यंतची मुदत-खिडकी मिळते, तीत कुठल्याही दिवशी डॉलर देता येतात. भाव दोन-चार पैसे कमी मिळतो. मिळू दे.

आठवी पायरी: बँकेशी काय बोलायचं

"आजचा रेट काय?" असं विचारू नका. विचारा: "इंटरबँक आत्ता कितीला चालू आहे? तुमचं मार्जिन किती पैसे? हा भाव कॅशचा की स्पॉटचा?" कॅश म्हणजे आज पैसे, टॉम म्हणजे उद्या, स्पॉट म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनी. फरक एरवी पैशाच्या अंशाचा असतो, सुट्ट्या लागून आल्या की वाढतो.

हे न विचारल्याची किंमत मी भरलीय. ४५,००० डॉलर आले होते, गडबडीत नुसता ईमेल टाकला, "कन्व्हर्ट करा." शाखेनं सकाळचा कार्ड रेट लावला. त्या वेळच्या बाजारभावापेक्षा ३८ पैसे कमी. १७,१०० रुपये. भांडायला गेलो तर त्यांनी माझाच ईमेल दाखवला, त्यात भावाचा शब्दही नव्हता. आता डीलिंग रूमशी फोनवर भाव पक्का होतो, मग त्या भावाचा उल्लेख करून ईमेल जातो. मोठ्या उसळीच्या दिवशी बँक मार्जिन वाढवते, हेही लक्षात ठेवा. निकड नसेल तर अशा दिवशी सौदा टाळलेला बरा.

आणि ते अ‍ॅपवाले

प्रत्येक धक्क्यानंतर राजारामपुरीच्या एखाद्या हॉलात 'फॉरेक्समधून रोज कमाई'चं सेमिनार लागतं. रिझर्व्ह बँकेनं ७ सप्टेंबर २०२२ ला परवानगी नसलेल्या अशा प्लॅटफॉर्मची ३४ नावांची सावधान-यादी काढली आणि नंतर ती वाढवत नेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही. परकीय चलनाचे सौदे अधिकृत बँकेतून किंवा मान्यताप्राप्त एक्सचेंजवरच करायचे. आणि एक्सचेंजवरसुद्धा, रुपयाच्या सौद्यामागं खरा धंदा पाहिजे हे रिझर्व्ह बँकेनं ५ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. ते लागू व्हायची मुदत जवळ आली तशी एप्रिलच्या सुरुवातीला लोकांनी घाईनं सौदे मिटवले आणि डॉलर-रुपयाच्या ऑप्शनचे, म्हणजे ठरल्या भावाला डॉलर घ्यायच्या-विकायच्या हक्काचे, भाव वेडेवाकडे उडाले. ४ एप्रिलला मुदत ३ मेपर्यंत वाढवली. डॉलर जागेवर होता, उडालं होतं ते ऑप्शन. पहिली पायरी आठवा.

शेवटची पायरी: वही

धक्का सरला की त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या: किती वाजता, कुणाचा भाव, किती पैसे, आपण काय केलं. तीन महिन्यांनी पाचवा खाना भरायचा, पुढं भावाचं काय झालं. माझ्या वहीत मालकांच्या त्या फोनची नोंद अशी आहे: "३.१५. मोबाइलचा भाव. खरा फरक १२ पैसे. काही केलं नाही. कागदाप्रमाणं पाव हिस्सा दुसऱ्या दिवशी साडेदहाला विकला, फाइलच्या आकड्यापेक्षा ४० पैसे वर." पाचव्या खान्यात लिहायला काही सापडलं नाही, तिथं मालकांनी स्वतःच्या हातानं 'बरोबर' लिहून खाली तारीख टाकलीय.